पहिल्यांदाच थीम पार्कला निघालोय: पाच जणांचं जेवण आणि खर्च कसा बसवायचा?

टिळकवाडीची_आई
नमस्कार मंडळी. दसऱ्याच्या सुट्टीत बेळगावहून निघून मुलांना पहिल्यांदाच थीम पार्क दाखवायचं चाललंय. माणसं पाच: आम्ही दोघं, सासूबाई (64), मुलगी 11 वर्षांची, मुलगा 6 वर्षांचा. सगळे शाकाहारी. सासूबाईंना शुगर आहे, दुपारी एकच्या आत पोटात काहीतरी जायलाच लागतं. खर्च 30 हजारांच्या आत बसवायचाय. बेंगळुरूचं वंडरला की खोपोलीचं इमॅजिका, यावर घरात अजून एकमत नाही. घरचा डबा आत नेऊ देत नाहीत म्हणे, मग दिवसभराच्या जेवणाचं काय करायचं? आणि तिकीट सोडून पैसे कुठं कुठं जातात तेही सांगा.

शहापूरचा_हिशेबनीस
ताई, आधी जागा ठरवा, मग जेवण. दोन्हीकडचा हिशेब वेगळा आहे.

वंडरला बिडदीजवळ, बेंगळुरूपासून म्हैसूर रोडवर साधारण 28 किमी. कोरड्या राइड आणि पाण्याच्या राइड एकाच तिकिटात. इमॅजिकाला थीम पार्क वेगळं, वॉटर पार्क वेगळं. दोन्ही बघायचं तर दोन दिवस आणि दोन तिकिटं. बेळगावहून बेंगळुरूला रात्रीची गाडी थेट आहे. खोपोलीला पुणे किंवा लोणावळ्याला उतरून पुढं वाहन करावं लागतं. म्हातारं माणूस आणि लहान पोर सोबत असताना हे मधलं चढउतार खिशालाही लागतं आणि अंगालाही. पहिल्या खेपेला बेंगळुरू करा असं मी म्हणेन.

एक गोष्ट मात्र खोपोलीच्या बाजूनं आहे. आपल्याकडच्या मराठी शाळांनाही सुट्ट्या कर्नाटकाच्या पत्रकाप्रमाणं असतात. दसऱ्याला आपली मुलं मोकळी, तर महाराष्ट्रातल्या मुलांची मोठी सुट्टी दिवाळीत. म्हणजे दसऱ्याच्या सुट्टीत मधल्या वारी खोपोलीला गर्दी कमी आणि बेंगळुरूला जास्त. बेंगळुरूच ठरलं तर खंडेनवमी, विजयादशमी आणि त्यांना लागून येणारा शनिवार-रविवार टाळा. मंगळवार किंवा बुधवार धरा. वारानुसार तिकिटाचा दर बदलतो आणि गर्दी कमी असली की त्याच पैशात राइड जास्त होतात.

टिळकवाडीची_आई
बेंगळुरूच करूया मग. गाडी कुठली धरू?

खानापूर_लोंढा_लाईन
दोन पर्याय. संध्याकाळची राणी चन्नम्मा, किंवा रात्री नऊच्या सुमारास बेळगावहून सुटणारी सुपरफास्ट, जी सकाळी सातच्या आसपास पोचते. वंदे भारत पहाटे निघून दुपारी पोचते. बसायला चांगली, खरं पार्कच्या दिवशी तिचा उपयोग नाही आणि भाडंही जास्त. तिनंच जायचं झालं तर तिकीट काढताना जेवण नको हा पर्याय निवडा, तेवढे पैसे कमी होतात.

आरक्षण आता 60 दिवस आधीच उघडतं, पूर्वीसारखं 120 नाही. दसऱ्याच्या गाड्या पहिल्या एक-दोन दिवसांत भरतात, तारीख आजच मोजून ठेवा.

मुलांचं भाडं: 5 वर्षांच्या आत फुकट. 5 ते 12 च्या आत बर्थ नको असेल तर अर्धं तिकीट, बर्थ हवा असेल तर पूर्ण. सहा वर्षांच्या पोराला अर्धं काढून आईच्या बर्थवर घेतात आणि दोघंही रात्रभर जागतात. दुसऱ्या दिवशी तेच पोर पार्कात दुपारी दोनला झोपतं, आणि त्याचं तिकीट हजाराच्या वर गेलेलं असतं. इथं पैसे वाचवू नका.

निपाणीकर
बसनं जायचं असेल तर शक्ती योजनेचा विचार करा. जून 2023 पासून कर्नाटकात राहणाऱ्या बायका-मुलींना साध्या आणि वेगदूत (एक्सप्रेस) बसला तिकीट लागत नाही. कर्नाटकाच्या पत्त्याचं मूळ ओळखपत्र लागतं. राजहंस, स्लीपर, ऐरावत या आरामबसना ही सवलत नाही. तुमच्या घरातल्या तिघी फुकट जाऊ शकतात, खरं साध्या बसच्या सीटवर 500 किमी बसून सासूबाईंचे पाय सुजतील. म्हणून लांबचा प्रवास रेल्वेनं करा आणि ही सवलत बेंगळुरूत शहर बससाठी वापरा. बीएमटीसीच्या साध्या बसलाही ती चालते, मेट्रोला नाही. चंदगड-गडहिंग्लजकडची पाहुणे मंडळी सोबत असतील तर त्यांना तिकीट लागेल, तो खर्च वेगळा धरा.

कारनं जाणाऱ्यांसाठी: जाऊन-येऊन 1,000 किमी, 15 चं ॲव्हरेज धरलं तर 67 लिटर, लिटरला 100 धरले तरी 6,700 फक्त पेट्रोल. वर टोल. वार्षिक फास्टॅग पास राष्ट्रीय महामार्गावर चालतो, तुमकूर रोडवरून म्हैसूर रोडला नेणाऱ्या नाइस रोडवर चालत नाही. पाच माणसांना कार रेल्वेपेक्षा फार महाग नाही, खरं चालवणारा माणूस दुसऱ्या दिवशी राइडवर बसायच्या लायकीचा राहत नाही.

अनगोळची_सुगरण
आता जेवणाकडं येते. पार्कात डबा चालत नाही. बाळाचं खाणं आणि औषधं सोडली तर बाहेरचं खाणं गेटवरच काढून ठेवायला लावतात. म्हणून जेवण गेटच्या वेळेवरून उलटं मोजा: गेटच्या आधी काय खायचं, आत किती वेळा खायचं, बाहेर पडल्यावर काय. घरचा डबा फक्त गाडीसाठी आणि खोलीसाठी.

गाडीतल्या रात्रीसाठी दशम्या करा. पाच जणांना रात्री 13 आणि सकाळी 7, म्हणजे 20 दशम्या. त्याला 650 ग्रॅम कणीक, साधारण 350 मिली दूध, दोन चमचे तेल, मीठ. पाणी अजिबात नको, दुधातच मळायचं. भाजल्या की एकावर एक रचू नका. जाळीवर किंवा सुती फडक्यावर पसरून पूर्ण गार होऊ द्या, मगच डब्यात भरा. बहुतेकांचा डबा इथंच बिघडतो: गरम पोळ्या डब्यात घातल्या की वाफेचं पाणी तळाशी साचतं, खालच्या चार चिकट होतात आणि सकाळपर्यंत वास मारतात. फॉइलपेक्षा कोरडा कागद बरा.

सोबत शेंगदाण्याची चटणी, 200 ग्रॅम पुरते. बटाट्याची सुकी भाजी न्यायची तर ओलं खोबरं आणि कांदा घालू नका आणि रात्रीच संपवा, सकाळवर ठेवू नका. सासूबाईंना दहीभात द्यायचा असेल तर मऊ भात घोटून त्यात कोमट दूध घाला आणि दही एकच चमचा लावा. संध्याकाळी पाचला लावलेलं रात्री नऊ-दहापर्यंत बेताचं लागतं. आधीच भरपूर दही घातलं तर खायच्या वेळेला आंबट होतं. शुगर असलेल्या माणसाला भाताची वाटी लहान, जोडीला दशमी.

याशिवाय ज्वारीच्या कडक भाकऱ्या 10-12 घ्या. त्यांना आठवडाभर काहीच होत नाही. फक्त ताठ डब्यात ठेवा, पिशवीत घातल्या तर चुरा होतो. खोलीवर दही आणलं, चटणी कालवली की एक जेवण भागतं. पोरांना चुरमुऱ्याचा चिवडा अर्धा किलो. करदंट (गोकाकची डिंक-सुक्यामेव्याची वडी) न्यायचं तर थोडंच न्या, गोड खाऊन पोरांना तहान लागते आणि मग पाण्याच्या बाटल्या विकत घ्याव्या लागतात.

टिळकवाडीची_आई
वहिनी, हे फार कामाचं. पार्कच्या दिवशी सकाळी काय? हॉटेलातला फुकटचा नाश्ता घ्यावा का?

बेंगळुरूवासी_बेळगावकर
घेऊ नका, बिडदीला खा. बिडदीची तट्टे इडली प्रसिद्ध आहे, म्हैसूर रोडवर ओळीनं हॉटेलं आहेत. इडली बशीएवढी असते. मोठ्या माणसाला दोन म्हणजे भरपेट, पोरांना एक. गेट उघडायच्या तासभर आधी खाऊन घ्या. तळलेला वडा आणि लोण्यानं भरलेला डोसा त्या सकाळी नको. पोट जड असताना गोल फिरणाऱ्या राइडवर बसलं की उलटी ठरलेली, आणि एका पोराला उलटी झाली की पुढचे दोन तास सगळ्यांचेच जातात.

जायचं कसं: मॅजेस्टिकहून (बेंगळुरूच्या मुख्य रेल्वे स्टेशनजवळचा भाग) जांभळ्या मार्गाची मेट्रो केंगेरीच्या पुढं चल्लघट्टपर्यंत जाते. तिथून बस किंवा रिक्षा-टॅक्सी. म्हैसूरकडच्या पॅसेंजर गाड्या बिडदी स्टेशनलाही थांबतात. पाच माणसं असतील तर सकाळी मेट्रो आणि पुढं टॅक्सी करा. संध्याकाळी सगळे दमलेले असतात, तेव्हा थेट टॅक्सीचे पैसे आधीच बाजूला ठेवा.

गाडीतून उतरून त्याच दिवशी पार्क करू नका. पोचल्या दिवशी खोली, आराम, जवळपास फिरणं. दुसऱ्या दिवशी सकाळी खोली सोडून सामान हॉटेलच्या काउंटरवर किंवा स्टेशनच्या क्लोक रूममध्ये ठेवायचं (बॅगेला कुलूप हवं), पार्क करायचं आणि रात्री उशिराची राणी चन्नम्मा धरायची. रात्री नऊची सुपरफास्ट धरू नका. बिडदीहून स्टेशनला संध्याकाळच्या रहदारीत दोन तासही लागतात. असं केलं की खोलीचं भाडं एकाच रात्रीचं पडतं.

शहापूरचा_हिशेबनीस
आता आतला खर्च. मुलांचं तिकीट वयावर नसतं, उंचीवर असतं: 85 सेंमीच्या आत फुकट, 85 ते 140 लहान मुलाचं, 140 च्या वर मोठ्याचं. आज रात्रीच मुलीची उंची मोजा, अनवाणी, टाचा भिंतीला, डोक्यावर वही आडवी धरून पेन्सिलनं खूण. 11 वर्षांच्या बऱ्याच मुली 140 ओलांडतात. लहान मुलाचं तिकीट ऑनलाइन काढून गेलात आणि गेटवर 142 भरली तर फरक तिथंच भरावा लागतो. उलट बाजूही बघा: मोठ्या थरारक राइडना 140 च्या आसपासच उंची लागते, तेव्हा 138 ची मुलगी असेल तर तिला आधीच सांगून ठेवा, नाहीतर रांगेच्या टोकाला रडू येतं.

सासूबाई राइडला बसणार नसल्या तरी तिकीट लागतंच. ज्येष्ठांचा दर वेगळा असतो, आधार सोबत ठेवा. जाहिरातीतला दर करासकट आहे का, ते पैसे भरायच्या पानावर बघा.

तुमच्या पाच जणांसाठी मी धरलेले आकडे असे. दर तुमच्या तारखेचे बघून बदला, साचा हाच ठेवा.

रेल्वे स्लीपर, पाच बर्थ, दोन्ही वेळा, माणशी 400: 4,000
पार्क तिकिटं, तीन मोठी 1,800 प्रमाणे, एक लहान आणि एक ज्येष्ठ 1,450 प्रमाणे: 8,300
खोली एक रात्र, जादा गादीसह: 3,000
घरून डबा: 600
पहिल्या दिवसाचं खाणं: 2,400
पार्कच्या दिवसाचं खाणं: 4,000
शहरातला प्रवास: 2,500
कपडे आणि लॉकर: 1,000
बेरीज 25,800. वर 10 टक्के अडीअडचण म्हणजे 2,600. एकूण 28,400.

पार्कच्या दिवसाचे 4,000 कसे: बिडदीला 500, आतलं जेवण माणशी 350 म्हणजे 1,750, आतलं चहा-नाश्ता-आइस्क्रीम माणशी 150 म्हणजे 750, रात्रीचं जेवण 1,000. यातला मधला 750 चा आकडा फुगतो. जेवणावर कोणी जास्त उडवत नाही. पैसे जातात ते दर तासाला घेतलेल्या छोट्या-छोट्या वस्तूंवर. दोन्ही मुलांना सकाळीच प्रत्येकी 150 द्या आणि सांगा की दिवसभरात यातून काय घ्यायचं ते तुम्ही ठरवा. मागणं निम्म्यावर येतं.

हिंडलग्याची_मावशी
जेवणासोबत फूड कूपन किंवा बुफे जोडून तिकीट मिळत असेल तर घ्यावं का?

शहापूरचा_हिशेबनीस
पोटभर खाणाऱ्या मोठ्या माणसाला घ्यायला हरकत नाही. सहा वर्षांच्या मुलाला नको, त्या गडबडीत तो चार घास खातो. सासूबाईंनाही नको, कारण बुफेची वेळ ठरलेली असते आणि त्यांची वेळ त्याच्याशी जुळेलच असं नाही. दोन थाळ्या आणि एक दहीभात पाच जणांत फिरवला तरी बऱ्याचदा पुरतो, कारण पाण्यातून आलेली पोरं आधी चिप्स मागतात आणि जेवण तासाभरानं.

अनगोळची_सुगरण
आतल्या जेवणाची वेळ फार महत्त्वाची आहे, ती तेवढी सांभाळा. एक ते अडीच या वेळात सगळं पार्क एकदम जेवायला येतं. अर्धा तास रांगेत, अर्धा तास टेबल शोधण्यात. बाराला बसा. सासूबाईंची वेळही त्यात बसते. सकाळी कोरड्या राइड, बाराला जेवण, मग तासभर गाड्यांसारख्या सौम्य राइड किंवा सावलीतले शो, त्यानंतर पाणी. पाण्याच्या राइड दिवसभर चालू नसतात, त्यांची वेळ आत शिरतानाच फलकावर बघून घ्या.

टिळकवाडीची_आई
सासूबाईंच्या शुगरसाठी बिस्किटं तरी नेता येतील का?

औषधवाले_काका_गोवावेस
डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा आणि गेटवर शांतपणे सांगा. औषध आणि त्यासोबतचं थोडं खाणं याला साधारण अडवत नाहीत, तरी निघायच्या आधी पार्कला फोन करून विचारून घ्या.

त्यांच्या कमरेच्या पिशवीत साखर असू द्या. जेवण लांबलं, चालणं वाढलं की शुगर खाली जाते: हात थरथरणं, घाम, चिडचिड, डोळ्यापुढं अंधारी. अशा वेळी तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या, म्हणजे 15 ग्रॅम. पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच. लाडू किंवा चॉकलेट देऊ नका, त्यातल्या तुपा-तेलामुळं साखर रक्तात उशिरा जाते. सावरल्यावर मग बिस्किट किंवा पोळी. इन्सुलिन असेल तर ते उन्हात किंवा लॉकरच्या तापलेल्या पेटीत ठेवू नका.

बाकीच्यांसाठी पाणी. दिवसभर पाण्यात असल्यामुळं तहान जाणवत नाही आणि चारला डोकं दुखायला लागतं. प्रत्येकाची रिकामी बाटली न्या आणि आतल्या पिण्याच्या पाण्याच्या नळावर भरा. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यातच विरघळवायची. ग्लासभर पाण्यात अख्खी पुडी घालणं लहान मुलाला घातक आहे. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. 24 तासांनी उरलेलं टाकून द्या.

कॅम्पातली_शिंपीण
कपड्यांवर कोणी लिहिलं नाही म्हणून सांगते. पाण्याच्या राइडला नायलॉन किंवा पॉलिस्टरचेच कपडे चालतात. सुती टी-शर्ट, जीन्स, साडी, ओढणी चालत नाही. सुताचे धागे सुटून पाणी गाळायच्या यंत्रणेत अडकतात आणि ओलं सूत घसरगुंडीवर चिकटून अंग सोलवटतं. आत विकत घ्यायला गेलात की पाच जणांचं बजेट मोडलं. गणपत गल्ली, खडे बाजारात आधी घेऊन ठेवा. बायकांसाठी पूर्ण बाह्यांचा टॉप आणि घोट्यापर्यंतची लेगिंग असा जोड मिळतो. चेन, धातूची बटणं, टिकल्या-मणी काही नको, राइडवर अडवतात. पोराला एक मापानं मोठं घ्यायचा मोह आवरा, ढगळ चड्डी घसरगुंडीवर खाली येते.

कपडे एकदा घालून, भिजवून, घरी बघा. रंग जातो का, टोचतं का, ते तेव्हाच कळतं.

बेंगळुरूवासी_बेळगावकर
पहिल्या दिवसाच्या जेवणाबद्दल थोडं. नाश्त्याला दर्शिनीत जा, उभ्यानं खायचं, आधी कूपन. सासूबाईंसाठी मात्र बसायची जागा असलेलं हॉटेल बघा. तिकडचं सांबार गूळ घातलेलं असतं, शुगरवाल्यांनी वाटीभरच घ्यावं. दुपारी उत्तर कर्नाटक पद्धतीची खानावळ शोधा आणि जोळद रोट्टी ऊट मागा. ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, मोड आलेल्या कडधान्याची उसळ, शेंगाचटणी, दही. आपल्याकडच्या माणसाला हेच पचतं. दुसऱ्या दिवशी राइडवर बसायचं असताना आदल्या रात्री नवीन तिखट काही चाखून बघू नका.

टिळकवाडीची_आई
मुलगी मोजली, 143 भरली. म्हणजे हिशेबनीस काकांनी धरलेलं मोठ्याचं तिकीट बरोबर. बुधवार ठरवलाय. एकच राहिलं: पार्कातून निघाल्यावर गाडीपर्यंत मधे चार तास असतील, रात्रीचं जेवण बिडदीला करावं की स्टेशनजवळ?

बेंगळुरूवासी_बेळगावकर
स्टेशनजवळ. पाण्यातून निघाल्यावर अर्ध्या तासात पोरं भुकेनं कावतात, त्यासाठी टॅक्सीत केळी आणि चिवडा. हा चिवडा सकाळी हॉटेलवर ठेवलेल्या सामानात नाही, बिडदीच्या इडलीवाल्याकडं जातानाच्या छोट्या पिशवीत हवा. पार्कच्या सामान ठेवायच्या काउंटरवर ती पिशवी बंद करून द्या. ओले कपडे पिळून दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत, एकात एक. आधी रहदारी ओलांडून मॅजेस्टिक गाठा, सामान ताब्यात घ्या, मग निवांत जेवा. बिडदीला जेवत बसलात तर अर्धं लक्ष घड्याळावर राहतं. सासूबाईंची रात्रीची गोळी जेवणाआधीची असेल तर टॅक्सीत बसताना देऊ नका, ताट समोर येईल तेव्हाच द्या.